दुखरा पाय कुठला ते विसरू नका : रिंगमधल्या पैलवानांना आणि त्यांचे सामने रचणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
टीव्हीवरच्या रिंगमध्ये उतरणारे सर्व पैलवान, त्यांचे सामने रचणारे बुकर, आणि माईकवर बसलेले समालोचक यांस,

स.न.वि.वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा देव लगेच खाली उतरून उत्तर देईल असं कोणी धरून चालत नाही. भोवती उभ्या असलेल्या रयतेने ऐकावं आणि 'व्हय म्हाराजा' म्हणावं, यातही गाऱ्हाण्याचं निम्मं काम होतं. हे पत्र तसंच समजा.

निमित्त एका सामन्याचं. कंपनीचं नाव घेत नाही, पैलवानांचंही नाही. पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, लढत होती. पंधरा मिनिटं एकाने दुसऱ्याचा डावा गुडघा झोडला. पाय रिंगच्या लोखंडी खांबावर आपटला, गुडघ्यावर कोपर टाकलं, दोरात अडकवून मुरगळला, शेवटी फिगर-फोरचा पेच घातला. मार खाणारा मॅट बडवत होता, विव्हळत होता. समालोचक सांगत होते की हा आता चालूसुद्धा शकणार नाही. माझा चहा निवला, इतका मी गुंतलो होतो. मग हा पट्ठ्या उठला, धावत कोपऱ्यात गेला, दोन ढांगांत टॉप रोपवर, म्हणजे सगळ्यात वरच्या दोरावर, चढला, हवेत कोलांटी घेतली आणि दोन्ही पायांवर उभा उतरला. वर लोकांकडे बघून उड्या मारल्या.

शेजारी माझा अकरा वर्षांचा पुतण्या बसला होता. तो म्हणाला, "काकानू, तेचो पाय कदी बरो झालो?"

'अरे, खोटा असता ता' म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण खोटं आहे हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. १९८९ साली न्यू जर्सीत तुमच्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने सरकारदरबारी स्वतःच सांगून टाकलं, की ही करमणूक आहे, निकाल आधी ठरलेला असतो. त्याला आता साडेतीन दशकं होऊन गेली. पोराचा प्रश्न खऱ्या-खोट्याचा नव्हताच. पंधरा मिनिटं तुम्ही त्याला एक गोष्ट सांगत होता आणि ती मध्येच टाकून निघून गेलात. तिचं पुढे काय झालं, एवढंच तो विचारत होता.

आता हे सांगणारा मी कोण, तेही सांगतो. मी सिंधुदुर्गातला दशावतारी. जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री कंपनीबरोबर गावोगाव, पावसाळ्यात शेती, आणि मधल्या दिवसांत काजूच्या कारखान्यात. गेली अठरा वर्षं मी राक्षसांचे आणि पडणाऱ्या राजांचे पार्ट करतो. म्हणजे माझं काम गर्जना करत यायचं, राजपार्टवाल्याला थोडा वेळ जेरीस आणायचं आणि शेवटी मरायचं. तुमच्या भाषेत मी जॉबर. हरण्याचा अनुभव माझ्याइतका तुमच्यातल्या फार थोड्यांना असेल.

आमचं आणि तुमचं काम किती सारखं आहे हे मला उशिरा कळलं. लहानपणी कळलं नाही, कारण तेव्हा तुम्ही आमच्यासाठी ट्रम्प कार्डं होता. उंची, वजन, छाती, दंड. गावात केबल एकाच घरी होती आणि त्या घरच्या आजीला तुमचे लांब केस बिलकूल आवडायचे नाहीत. अंडरटेकरला सात जन्म आहेत यावर आमच्या अख्ख्या वर्गाचा विश्वास होता. पुढे मी कंपनीत लागलो आणि एका रात्री रंगपटात तोंडाला रंग लावताना ट्यूब पेटली. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. ज्येष्ठ नट आख्यान सांगतात : अमुक राजा, तमुक राक्षस, इथे भेट, इथे लढाई, अमक्याच्या हातून मरण. बाकी संवाद मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, उभं राहून सुचतील तसे. तुमचंही तेच. शेवट ठरलेला, मधली पुष्कळशी लढत दोघांनी एकमेकांच्या कानात पुटपुटत जमवायची. तुमचा रेफ्री कानातल्या यंत्रावर आलेले निरोप पैलवानांना पोचवतो. आम्हाला पखवाजवाला सांगतो. त्याने लय चढवली की समजायचं, आता आटप.

हा माझा अधिकार झाला. आणि माझा डावा गुडघा.

काही वर्षांपूर्वी माघातल्या एका जत्रेत, देवळासमोरच्या मांडावर, युद्धाच्या गिरक्या घेताना माझा पाय जांभ्याच्या कडेवरून घसरला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मलाच आतून ऐकू आला. मी खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं राक्षस घायाळ झाला, काय सुंदर पडला! मला उठता येत नव्हतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

पहिल्यांदा ओळखलं ते पखवाजवाल्याने. त्याने युद्धाची लय सोडली आणि सावकाश ठेका धरला. समोर राजपार्ट करणारे आमचे अण्णा. त्यांनी तलवार खाली केली आणि राक्षसाला सुनवायला सुरुवात केली. त्याच्या बापाचं पाप, आजोबाचं पाप, आईने केलेलं तप, सगळं काढलं. आख्यानात यातलं काहीही नव्हतं. बोलता बोलता ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्याला धरून 'ऊठ, दुष्टा, बसून मरण्याची तुझी लायकी नाही' म्हणत त्यांनी मला अलगद उचललं आणि बाकड्यावर बसवलं. आमच्याकडे ते एकच लाकडी बाकडं सिंहासन असतं, तेच रथ, तेच डोंगर. त्या रात्री तेच माझं इस्पितळ झालं. त्यावर बसून मी दोन वाक्यं बोललो आणि मेलो.

पुढे एकदा मी १९९७ च्या ऑगस्टमधला समरस्लॅम या तुमच्या मोठ्या कार्यक्रमातला तो सामना पाहिला, ओवेन हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनचा. पाइलड्रायव्हर, म्हणजे समोरच्याला उलटं धरून खाली आदळायचा डाव, चुकला. ओवेनने गुडघ्यांवर उतरायचं ते तो बसता उतरला, ऑस्टिनचं डोकं मॅटवर आदळलं आणि मानेला मार बसला. ऑस्टिनला हलता येईना. तेव्हा ओवेन लोकांकडे वळून त्यांना डिवचत राहिला, हातवारे करत राहिला, वेळ काढत राहिला. मग ऑस्टिन कसाबसा सरपटत आला आणि त्याने ओवेनला कसंबसं गुंडाळून त्याचे खांदे मॅटला टेकवले. तो तुमच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात कमजोर रोल-अप. मला तो बघताना अण्णा आठवले. ज्याच्या हातून चूक झाली, तोच सांभाळूनही घेत होता.

त्या सामन्यातली एक गोष्ट नीट बघा. खरी दुखापत अगदी गप्प होती. ऑस्टिन नुसता पडून होता. माझंही तसंच झालं होतं. म्हणजे लोकांना दुखणं कळायला हवं असेल, तर ते खरं असून भागत नाही, ते सांगावं लागतं. त्या सांगण्यालाच तुम्ही सेलिंग म्हणता. ती तुमची मुख्य विद्या आहे, आणि तुमच्यातले बरेच जण हल्ली ती दोन कोलांट्यांच्या मधली विश्रांती समजतात. माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

पहिलं गाऱ्हाणं पायाचं. अमेरिकेतल्या तुमच्या शाळांत डावी बाजू पकडायला शिकवतात, डावा हात, डावा पाय. मेक्सिकोतल्या लुचा लिब्रेत, म्हणजे तिथल्या कुस्तीत, उजवी. हे एकदा कळलं की बघणाऱ्याला हिशेब ठेवणं सोपं जातं, आणि मी ठेवतो. डाव्या पायावर मार खाल्लेला गडी दहा मिनिटांनी उजव्या पायाने लंगडताना मी पाहिला आहे. एकदा तर एकाच सामन्यात दोन्ही पायांनी, आळीपाळीने. माझा पुतण्या आता यावर माझ्याशी चॉकलेटची पैज लावतो. पैज तोच जास्त वेळा जिंकतो, कारण मी तुमच्यावर विश्वास टाकून बसतो.

दुसरं गाऱ्हाणं विसरण्याचं, आणि इथे मला एक गोष्ट आधी स्पष्ट करू द्या, नाहीतर म्हणाल या बाबाला नुसतं लंगडणंच हवंय. वेदना झुगारून देणं वेगळं. अंडरटेकर सपकन उठून बसायचा, कारण त्याचं सोंगच मेलेल्या माणसाचं होतं. मेलेल्याला काय दुखणार? हल्क होगन मार खाता खाता थरथरू लागायचा, बोट रोखायचा, आणि मग पुढचे ठोसे त्याला लागायचेच नाहीत. तो त्याच्या अंगात आलेला वारा होता, आमच्या अवसरासारखा. लोकांना ते कळायचं, कारण आधीची पंधरा मिनिटं तो खरोखर मार खात असायचा. तुम्ही मात्र झुगारत नाही, नुसते विसरता. झुगारायला आधी दुखणं ध्यानात असावं लागतं.

जमतं कसं ते तुमच्याच लोकांनी दाखवून ठेवलंय. १९८७ च्या मार्चमध्ये रेसलमेनिया ३ ला, म्हणजे तुमच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक जत्रेत, रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट. त्याच्या काही महिने आधी सॅव्हेजने स्टीमबोटच्या गळ्यावर रिंगची घंटा आदळली होती. स्वरयंत्र चिरडलं अशी कथा. सामन्याच्या दिवशी सॅव्हेज पुन्हा त्याच गळ्यावर गेला. मग तीच घंटा घ्यायला धावला, आणि त्या घंटेच्या भानगडीतच तो हरला. पंधरा मिनिटांचासुद्धा सामना नाही. सॅव्हेजने एकेक डाव आधी लिहून पाठ केला होता म्हणतात, म्हणजे आमच्या अगदी उलट पद्धत. पण सुरुवातीची घंटा शेवटापर्यंत वाजत राहिली. त्या दिवशी कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ जाहीर केला. आकड्यावर वाद आहे, सामन्यावर नाही.

दहा वर्षांनी, रेसलमेनिया १३. ब्रेट हार्ट आणि ऑस्टिन. ब्रेटने ऑस्टिनचा पाय खांबाला गुंडाळून पिळला, खुर्ची वापरली, आणि शेवटी शार्पशूटरचा पेच घातला. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त, दात विचकलेले, पण हार कबूल नाही. तो शुद्ध हरपून हरला. आत येताना ऑस्टिन खलनायक होता आणि ब्रेट नायक. संपलं तेव्हा उलट झालं होतं. कोणी माईकवर येऊन भाषण केलं नाही. एका माणसाने दुखणं कसं सोसलं आणि दुसऱ्याने बेशुद्ध पडलेल्यालाही कसं सोडलं नाही, एवढ्यावर हजारो माणसांनी बाजू बदलली. आमच्याकडे राक्षसाचा भक्त व्हायला पाऊण तासाचा संवाद लागतो!

आणि जपानमधलं एक. ३ डिसेंबर १९९३, तोक्योचं बुदोकान. जोड्यांच्या स्पर्धेची शेवटची लढत. तोशिआकी कावादाचा गुडघा आधीच अधू. मिसावा आणि कोबाशी त्याच पायावर तुटून पडतात. कावादा मग धावून जायला उठतो आणि पाय दगा देतो, त्याचा जोडीदार ताउए एकटा मार खातो, आणि हा जमिनीवरून बघतो. मला जपानी ओ की ठो कळत नाही. तो सामना मी रात्री दोनला मोबाइलवर बघितला आणि माझा स्वतःचा गुडघा चोळत बसलो.

तिसरं गाऱ्हाणं बुकरांना. सोमवारी माणसाला स्ट्रेचरवर घालता, गळ्यात पट्टा बांधता, ॲम्ब्युलन्सचं दार धाडकन लावता. पुढच्या आठवड्यात तो बिनपट्टीचा, नव्या जॅकेटमध्ये येऊन माईकवर विनोद करतो. त्यापेक्षा २०१४ आठवा. रेसलमेनिया ३० च्या पहिल्याच सामन्यानंतर ट्रिपल एचने डॅनियल ब्रायनचा खांदा खुर्चीने ठेचला. रात्रीच्या शेवटच्या लढतीत ब्रायन तोच खांदा बांधून आला आणि तिथेही त्याच खांद्यावर मार खाल्ला. एक दुखणं चार तास पुरलं. तुम्हाला ते चार मिनिटं पुरत नाही, कारण मधे जाहिरात येते. वेळ कमी असतो हे मान्य. मग पाय मोडूच नका ना! पाच मिनिटांच्या सामन्यात पंधरा मिनिटांचं दुखणं कशाला काढता?

समालोचकांबद्दल थोडक्यात. दर आठवड्याला कोणाची ना कोणाची कारकीर्द संपल्याचं ओरडू नका. आमच्या गावात एक गृहस्थ रोज संध्याकाळी 'आज वादळ येतला' म्हणायचे. वादळ खरंच आलं त्या दिवशीही कोणी कौलांवर दगड ठेवले नाहीत.

ही तक्रार वरवर हलकी वाटते, पण मला सगळ्यात जास्त तीच टोचते. २१ मे २००१ ला ट्रिपल एचच्या डाव्या मांडीचा मोठा स्नायू सामन्यात फाटला. त्या अवस्थेत त्याने समालोचकांच्या टेबलावर पाय मुरगळून घेणारा पेच सोसला आणि सामना पुरा केला. नंतर शस्त्रक्रिया झाली, तो अनेक महिने बाहेर राहिला. आता बघा तुमची तऱ्हा. खरं दुखणं प्राणपणाने लपवता आणि खोटं दुखणं क्षणात विसरता. मग प्रेक्षक काय शिकतो? की रिंगमध्ये कोणाला काही होत नाही. रेफ्री दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो, तेव्हा खरंच काहीतरी मोडलेलं असतं, आणि तेव्हाही लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मी मांडावर बसून ऐकल्या आहेत. त्यांचा राग नाही मला. राक्षस पडला की टाळ्या वाजवायची सवय आम्हीच लावली होती.

हो, आमच्यातही हा रोग शिरलाय, लपवत नाही. 'ट्रिकसीनयुक्त' असं फलकावर छापल्याशिवाय हल्ली कित्येक ठिकाणी नाईट मिळत नाही. धूर, दिवे, कापलेलं मुंडकं बोलतं, साप हवेत उडतो. मलाही उडवलंय एकदा. उतरल्यावर दोन घटकांपूर्वीचा घाव विसरून मी ताठ चालत बाहेर गेलो, आणि रंगपटात अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणून हे पत्र लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

आता मागण्या. शेवटपर्यंत लंगडायची तयारी नसेल तर पायाला हात लावू नका. हवेतच उडायचं असेल तर कान पिळा, बोटं वाकवा, अख्खी पाठ मोकळी आहे. परत उसळी घ्यायची तर घ्या, पण तिची किंमत दाखवा. चढा टॉप रोपवर, मारा उडी, आणि उतरल्यावर तोच गुडघा धरून बसा, पिन करायला, म्हणजे समोरच्याचे खांदे टेकवायला, दोन क्षण उशीर होऊ द्या, त्या दोन क्षणांत समोरच्याला सुटू द्या. स्ट्रेचर वर्षातून एकदा काढा आणि काढलंत तर पुढचे काही आठवडे तो माणूस दाखवू नका. पट्टी बांधलीत तर पुढच्या आठवड्यात ती त्याच हातावर असू द्या. आणि खरी दुखापत झाली की सामना तिथेच थांबवा, मोडलेला हात चार बाजूंनी संथगतीत आम्हाला दाखवू नका. आम्ही तो बघायला आलेलो नसतो.

याहून जास्त काही मागत नाही. रक्त मागत नाही, उंचावरून उड्या मागत नाही. पातळ गादीखाली फळ्या आणि लोखंड असतं, रोज त्यावर पाठ टाकणं काय असतं याची थोडी कल्पना मला आहे. मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडतो, तुमच्यापेक्षा सुखी आहे.

पुतण्या या वर्षी जत्रेत माझा धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघायला पहिल्यांदाच पुढे, झांजवाल्याच्या शेजारी बसणार आहे. आख्यानात राजाचा बाण माझ्या मांडीत घुसतो, मरण त्यानंतर अर्ध्या तासाने. तो अर्धा तास पोरगं माझ्या पायाकडे बघत असणार, पैज लावून.

कळावे,
आपला नम्र,
राक्षसपार्टी एक दशावतारी
वेंगुर्ला तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग

ता. क. : पायऱ्या चढताना चांगला पाय आधी जातो, उतरताना दुखरा. मला हे गुडघ्याच्या डॉक्टरांनी शिकवलं. तुमच्या रिंगला बाहेरून लोखंडी पायऱ्या असतात आणि त्यांवर तुम्ही नेमकं उलट करता.